हाँगकाँगला क्रूझ एकच दिवस थांबणार असेल, तर शहर कसं पाहावं?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये आई-वडिलांना घेऊन क्रूझला निघताय, हाँगकाँगला जहाज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबेल, आणि तेवढ्यात व्हिक्टोरिया पीक, डिस्नेलँड आणि लांताऊवरचा मोठा बुद्ध उरकता येईल का. नाही येणार. डिस्नेलँड आणि बुद्ध दोन्ही लांताऊ बेटावर आहेत, दोघांनाही जवळजवळ अख्खा दिवस लागतो. त्यातून बुद्धाच्या पायथ्याशी 268 पायऱ्या आहेत. ही दोन्ही नावं यादीतून काढाच. हाँगकाँग बंदरामुळे वसलं, बंदराभोवती वाढलं, आणि तुम्ही त्याच बंदरात उतरणार आहात. दिवस तिथेच घालवा.

आधी तिकिटावर बघा, जहाज कोणत्या टर्मिनलला लागणार आहे. ओशन टर्मिनल असेल तर नशीब जोरावर: ते त्सिम शा त्सुईत, ऐन वस्तीत आहे आणि स्टार फेरीचा, म्हणजे बंदर ओलांडणाऱ्या प्रवासी बोटींचा, धक्का तिथून चालत काही मिनिटांवर. काई ताक असेल तर तुम्ही 1998 साली बंद झालेल्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकावर उतराल. तिथून मेट्रो स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ नाही. वडीलधारी माणसं बरोबर आहेत, सरळ लाल टॅक्सी करून स्टार फेरीचा धक्का गाठा.

स्टार फेरी मात्र चुकवू नका. मुंबईकडच्या माणसाने तर नाहीच. ही सेवा सुरू केली ती दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. त्यांची कंपनी 1888 ची, 1898 पासून तिचं नाव स्टार फेरी. त्सिम शा त्सुईतच मोदी रोड आहे, तो होरमसजी मोदी या पारशी व्यापाऱ्याच्या नावाचा. हाँगकाँग विद्यापीठ उभं राहिलं त्यात त्यांच्या देणगीचा मोठा वाटा होता. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या माणसांनी या शहराला घडवलंय हे तिथे उभं राहून आठवलं की मला फार अभिमान वाटतो. पलीकडच्या हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रलची बोट घ्या. दहाएक मिनिटांचा प्रवास, भाडं अगदी किरकोळ. बाकांच्या पाठी पुढे-मागे फिरवता येतात, कारण बोट वळत नाही, दोन्ही दिशांना तशीच चालते. खालच्या मजल्यावर पाणी जवळ, वरच्या मजल्यावर दृश्य मोठं. जाताना एक, येताना दुसरा असं करा.

सेंट्रलला उतरल्यावर पादचारी पुलांवरून चालत डोंगरावरच्या मिड-लेव्हल्स वस्तीकडे जाणारे सरकते जिने गाठा. सुमारे 800 मीटर लांबीची ही साखळी 1993 पासून चालू आहे. सकाळी दहापर्यंत जिने खाली येतात, कारण लोक कामाला निघालेले असतात. दहानंतर दिशा उलटी होते. म्हणून दहा वाजल्यानंतरच जा. डोंगरउतारावरचं शहर आई-वडिलांना एकही चढ न चढता दिसेल. हॉलिवूड रोडला उतरा. तिथेच ताई क्वुन आहे, जुनी पोलीस चौकी आणि तुरुंग. आत शिरायला पैसे पडत नाहीत, बसायला जागा आहे, स्वच्छतागृहं आहेत. पुढे थोडं चालल्यावर 1847 चं मान मो देऊळ. विद्येचा देव आणि युद्धाचा देव एकाच गाभाऱ्यात, आणि छताला टांगलेली उदबत्तीची मोठाली वेटोळी. धूर बराच असतो. कुणाला दमा असेल तर दारातूनच दर्शन घ्या.

तिथून उतरणीने शेउंग वानला या आणि दुमजली ट्राम पकडा. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे पैसे भरायचे. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर बाजारपेठेचा रस्ता अख्खा दिसतो, पण जिना अरुंद आणि वळणाचा आहे. गुडघे दुखत असतील तर खालीच बसा.

पीकबद्दल माझं मत असं: मार्चमध्ये धुकं फार. सकाळी बोटीतून वर बघा. डोंगरमाथा दिसत असेल तरच जा, आणि पीक ट्रामची (ही डोंगर चढणारी वेगळी गाडी) रांग लांब असेल तर सेंट्रलहून 15 नंबरची बस घ्या. माथा ढगात असेल तर मुळीच जाऊ नका, वर गेल्यावर पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. तो वेळ त्सिम शा त्सुईच्या बाजूच्या चि लिन या बौद्ध मठाला द्या. दुपार तिथे शांत जाते. लाकडी बांधकाम लोखंडी खिळ्यांशिवाय केलेलं आहे, आणि शेजारच्या नान लियान बागेत शाकाहारी जेवण मिळतं. डायमंड हिल हे तिथलं मेट्रो स्टेशन, काई ताक स्टेशनच्या लगतचं. म्हणजे जहाज काई ताकला असेल तर परतीच्या वाटेवरच पडतं.

जहाजाची सहल घेतली नाहीत तर वेळ तुम्हीच सांभाळायची. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. चार वाजता बंदराच्या आपल्या, म्हणजे जहाज लागलेल्या, बाजूला असायचं असं ठरवून ठेवा. पैशांसाठी मेट्रो स्टेशनवर ऑक्टोपस कार्ड घ्या, फेरी, ट्राम, बस सगळीकडे चालतं. टॅक्सीपुरते रोख हाँगकाँग डॉलर जवळ असू द्यात.

आणि निघण्याआधीचं एक काम. भारतीय पासपोर्टवर तिथे 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण 2017 पासून आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती हाँगकाँग इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर मोफत होते, त्यामुळे कुणा एजंटला पैसे देऊ नका. तिघांची वेगवेगळी करा, नाव पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर भरा, आणि मिळालेलं पत्र छापून जवळ ठेवा.