'टॉलरन्स'ला सहिष्णुता म्हणावं का?

लातूरहून विचारणा आहे: सोयाबीनच्या आवकेचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमच्या युनिट टेस्ट (प्रोग्रॅमच्या एकेका भागाचं उत्तर बरोबर येतं का हे पाहणाऱ्या छोट्या चाचण्या) लिहिताना मराठी टिपणात 'टॉलरन्स'ला, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल त्या मर्यादेला, सहिष्णुता म्हणावं, सूट म्हणावं, की शब्द आहे तसाच ठेवावा?

सहिष्णुता नको. तो माणसाचा गुण, त्याला आकडा चिकटत नाही. 'सूट'ही फसवी, कारण मोंढ्यात सूट म्हणजे कमी करणंच, आणि इथं तर उत्तर किंचित जास्त आलं तरी चालतं. वाळूजच्या कारखान्यांत 'टॉलरन्स'च म्हणतात, तेही चालेल. पण मराठीच हवं असेल तर 'मान्य फरक' लिहा. टेस्ट नेमकं तेच बघते: अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यातला फरक मर्यादेत आहे का.

या फरकाला 'चूक' मात्र म्हणू नका. ०.६ क्विंटलची तीन पोती धरा. डबल प्रकारात (संगणकात दशांश आकडे ठेवायची नेहमीची पद्धत) ०.६ × ३ चं उत्तर १.८ नव्हे, १.७९९९९९९९९९९९९९९८ येतं. ०.६ हा आकडा बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, पुरता मावत नाही, गुणाकारानंतर पुन्हा राउंडिंग होतं. चूक कोणाचीच नाही, तरी थेट बरोबरी तपासणारी टेस्ट नापास होते.

'मान्य फरक' एवढंच लिहूनही भागत नाही. ठोक (ठरावीक आकडा) की प्रमाणात (मूळ आकड्याचा ठरावीक हिस्सा), हे सांगावंच लागतं. ठोक फरकाला एकक असतं: ०.०१ म्हणजे क्विंटलमध्ये १ किलो, किलोमध्ये १० ग्रॅम. एकक बदललं आणि आकडा तोच राहिला की टेस्ट शंभरपट ढिली किंवा कडक होते. शिवाय ५०,००० क्विंटलच्या आसपास डबलमधल्या दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतरच सुमारे ०.०००००००००००७ असतं. तिथं त्याहून बारीक मान्य फरक दिला तर ती पुन्हा थेट बरोबरीच झाली.

प्रमाणातला फरक मोठ्या बेरजांना बरा, पण शून्यापाशी अडतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, दोन आकडे जवळ आहेत का हे तपासणारं 'मॅथ डॉट इझक्लोज' वेगळं काही न सांगता प्रमाणात एक अब्जांश फरक चालवतं, आणि ठोक फरक मात्र शून्य धरतं. त्यामुळं शिल्लक शून्य अपेक्षित असताना अगदी कणभर काही उरलं तरी नापास. तिथं ठोक फरक स्वतः द्यायचा. वजन क्विंटलमध्ये असेल तर ०.००१, म्हणजे १०० ग्रॅम, पुष्कळ झाला.

'जवळजवळ समान' हे मोघम आहे. पायथॉनच्या युनिटटेस्ट या टेस्ट लिहायच्या साधनातलं 'असर्ट ऑलमोस्ट इक्वल' नावाला 'ऑलमोस्ट' असलं, तरी फरक ७ दशांश स्थळांपर्यंत राउंड करून तो शून्य येतो का, एवढंच पाहतं. म्हणजे तो ठोक फरक, साधारण ०.०००००००५ इतका. टिपणात हा आकडा लिहिलेला बरा.

शेतकऱ्याच्या पट्टीतल्या रुपयांना हे काहीच लावू नका. रक्कम पैशांत मोजून पूर्णांकात ठेवा आणि बरोबरी थेट तपासा.