वाचकांचे प्रश्न : टेकडीवरची झाडं का वाळतात?

प्रश्न : पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या सालई, मोई मार्चमध्ये अगदी निष्पर्ण दिसतात. वाढत्या उन्हाने त्या मरत चालल्यात का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पानं नाहीत म्हणून झाड मेलं असं नाही. पानं गाळून टाकणं हाच त्यांचा उन्हाळ्यातला बचाव. शंका असेल तर बोटाएवढ्या फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवी, ओलसर निघाली तर फांदी जिवंत. तपकिरी निघाली तर खोडाकडे सरकत पुन्हा पाहा. जूनचे दोन चांगले पाऊस होईपर्यंत निकाल देऊ नका. शेंड्याकडून फांद्या वाळत येत असतील आणि पावसातही तिथे पालवी फुटत नसेल, तर मात्र काळजी करावी.

आमच्या मते मार्चच्या उन्हापेक्षा ऑगस्टमधला पावसाचा खंड जास्त घातक. तेव्हा झाड पानांनी भरलेलं असतं. पानांच्या ओढीनेच पाणी वर चढतं. मुळाशी ओल संपली आणि ही ओढ वाढली, की खोडातल्या बारीक नळ्यांमधली पाण्याची धार तुटून हवेचा बुडबुडा अडकतो. अशा बऱ्याच नळ्या बंद पडल्या की फांदी वाळते. तापमान यात भर घालतं : ६० टक्के आर्द्रतेची हवा तेवढ्याच बाष्पासह २८ अंशांवरून ३० वर गेली, तरी तिची पानातून पाणी ओढण्याची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. २०२३चा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

प्रश्न : आमचा गट दर जुलैत टेकडीवर रोपं लावतो. पुढच्या मेपर्यंत निम्मीही उरत नाहीत. पाणी कमी पडतं का?

उत्तर : पाण्याआधी मुळं बघा. पिशवीत फार दिवस राहिलेल्या उंच रोपाची मुळं तळाशी गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात. टेकडीवर माती वीतभर, खाली मुरूम नि काळा पाषाण. पहिल्या पावसाळ्यात मूळ खडकाच्या फटीत उतरलं तरच रोप उन्हाळा काढतं. म्हणून लागवड जूनमध्येच, माती वीतभर भिजली की लगेच. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल; पिशवी पूर्ण काढायची, तळाची गुंडाळलेली मुळं कापायची.

खैर-बाभळीची रोपं आणण्यापेक्षा बी टोकणं चांगलं, कारण सोटमूळ सरळ खाली जातं. बाभळीच्या बियांवर उकळतं पाणी ओतून त्या रात्रभर भिजवा, खैराला साधं पाणी पुरतं. एका जागी तीन बिया, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल.

उन्हाळ्यात रोज लोटाभर पाणी घातलं की मुळं वरच रेंगाळतात. त्यापेक्षा दहा-बारा दिवसांनी दहा लिटर, सावकाश जिरवत. आळ्यात वाळकं गवत पसरू नका, वणव्याला ते आयतं सरपण. चपटे दगड मांडा. ओल टिकते आणि जळत नाही.

आणि खरं सांगायचं तर नवी रोपं हा दुसरा पर्याय. टेकडीवर जुन्या मुळांचे गुडघाभर फुटवे ठिकठिकाणी असतात. दरवर्षी वणव्यात जळतात, शेळ्या खातात, म्हणून झाड होत नाहीत. त्यांची मुळं आधीच खोल गेलेली आहेत. वनविभागाच्या परवानगीने प्रत्येक बुंध्याचे एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटा, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण करा. वणवा अडवण्यासाठी गवत पूर्ण वाळण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, तीन मीटर रुंदीचा पट्टा खरवडून मोकळा ठेवा. धावड्याच्या झाडाला तर हे फुटवे जपणं जास्तच लागू, कारण त्याच्या बहुतेक बिया पोकळ असतात आणि रोपवाटिकेत फार थोड्या उगवतात.

प्रश्न : टेकडीवरचं सगळं गिरिपुष्प तोडून देशी झाडं लावावीत का?

उत्तर : सगळं एकदम नको. मेक्सिकोकडचं हे झाड गुरं फारशी तोंडात धरत नाहीत आणि तोडलं की बुडातून पुन्हा फुटतं. एकदम मोकळ्या झालेल्या उतारावर पहिल्या जोराच्या सरीत माती जाते, पाठोपाठ घाणेरी शिरते. ज्या देशी रोपावर त्याची सावली पडते, तेवढ्याच फांद्या उतरवा. रोप दोन पुरुष उंच झालं की शेजारचं गिरिपुष्प काढायला वनविभागाची परवानगी मागा. ती इथेही लागते.