तळाशी राहणाऱ्या शार्कचे डोळे तिथल्या अंधारासाठी कसे बनलेले असतात? की त्यांना फारसं दिसतच नाही?

‘फारसं दिसतच नाही’ हे तुमचे शब्द वाचले आणि लिहायला बसले. अगदी हेच वाक्य मी १९९६ साली टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांकडून ऐकलंय.

मी रत्नागिरीची. वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. मिरकरवाड्याच्या बंदराला बोट लागली की कधीकधी म्हावऱ्यात एक करडी, हातभर लांबीची मुशी निघायची. पुस्तकात तिचं नाव ग्रे बांबू शार्क, आमच्याकडे सगळ्या मुशीच. पाण्याबाहेर काढली तरी ती बराच वेळ तग धरते. मी सातवीत असताना एका पहाटे बाबांनी तशीच एक टपात समुद्राचं पाणी भरून ठेवली होती. जेटीवरचे दिवे गेलेले. बाबांनी बॅटरी मारली तेव्हा तिची बाहुली जवळजवळ गोल होती, आणि आतून मांजराच्या डोळ्यासारखी हिरवट चमक उठली. मग बाहुली मिटायला लागली. आपली मिटते तशी झटकन नाही. इतकी सावकाश, की मिटतेय हे आधी कळलंच नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर नुसती आडवी फट उरलेली. मी टपाच्या दुसऱ्या बाजूला गेले, तर तिने अंग वळवलं. बाबा म्हणाले, “बघतेय गो ती तुझ्याकडे.”

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी बरणीतला स्कोलिओडॉन (एक लहान शार्क) उचलला, डोळ्यावर चिमटा टेकवला आणि म्हणाले, तळाशी राहणाऱ्या शार्कला हे अवयव नावापुरते, फारसं दिसतच नाही, सगळं वासावर चालतं. मी त्या फटीचं सांगितलं. “कुठल्या पुस्तकात?” म्हणाले. मी म्हटलं, टपात पाहिलंय सर. दहापैकी तीन मिळाले. फॉर्मलीनमध्ये डोळा पांढरट होतो, भिंग दुधी होतं, बाहुली हलायचा प्रश्नच नाही. त्या डोळ्यावरून नजर जोखणं चूक होतं, आणि आजही चूकच आहे.

तर तुमचा प्रश्न. चमक येते ती टॅपेटममुळे. दृष्टिपटलामागे ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांचे आरशासारखे थर असतात. दृष्टिपटलातून निसटलेला उजेड त्यांच्यावरून परततो आणि त्याच पेशींना दुसऱ्यांदा भेटतो. पण उथळ पाण्यातल्या तळावर दुपारी लख्ख ऊन पोचतं. तेव्हा एवढा संवेदनशील डोळा उघडा ठेवून चालत नाही, म्हणून ती फट. बहुतेक माशांना बाहुली लहानमोठी करताच येत नाही, शार्कना येते. उथळ पाण्यातल्या बऱ्याच शार्कमध्ये उजेड वाढला की काळं रंगद्रव्य सरकून तो आरसाही झाकून टाकतं. खोल समुद्रातल्या शार्कना ही सोय लागत नाही, त्यांचा आरसा कायम उघडा. एंजल शार्क आणि वॉबेगाँग या जातींचे शार्क तळावर चपटे पडून सावजाची वाट बघतात, त्यांचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात. दिसत नसतं तर वर बघत दबा कशाला धरला असता?

रंगांच्या बाबतीत मात्र परीक्षकांच्या बाजूने थोडं बोलावं लागेल. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात १७ जातींचे शार्क तपासले, त्यातल्या १० जातींत रंग ओळखायला लागणाऱ्या शंकुपेशी सापडल्याच नाहीत आणि बाकीच्या सातांत एकाच प्रकारच्या होत्या. म्हणजे रंग ओळखणं त्यांना बहुधा जमत नाही. पण अंधुक पाण्यात पार्श्वभूमीवर उठून दिसणारी आकृती टिपायला रंग लागतोच असं नाही.

आणि आकृती त्यांना कळते. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात व्हेरा श्लुएसेल यांच्या गटाने याच ग्रे बांबू शार्कना, म्हणजे आमच्या टपातल्या मुशीच्या भाईबंदांना, त्रिकोण आणि चौकोन वेगळे ओळखायला शिकवलं. नुसत्या कडांच्या भासातून तयार होणारे आकारही त्यांना ओळखता आले. काहींना शिकलेलं ५० आठवड्यांपर्यंत आठवत होतं. हे वाचलं त्या रात्री मी बाबांना फोन करून सगळं वाचून दाखवलं.

आता वास आणि सावजाच्या अंगातल्या हलक्या विजेची जाणीव गौण आहे असं मी म्हणत नाही. तोंड खाली आणि डोळे वर, त्यामुळे घास अगदी नाकाखाली आला की तो त्यांना दिसत नाही. तिथे थुतरीवरची वीज टिपणारी छिद्रंच कामी येतात. शिवाय बॉनचे प्रयोग टाकीतले आहेत, गढूळ खाडीतले नाहीत.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि तुमचे सरही बरणी दाखवून असंच सांगत असतील, तर त्यांना पहाटे बंदरावर घेऊन जा. जिवंत मुशी मिळाली की टपात थंड समुद्राचं पाणी घ्या, वरून जाड फडकं टाकून अर्धा तास अंधार करा. मग बॅटरी मारा आणि सरांना काही मिनिटं डोळ्याकडे बघत राहू द्या. झालं की तिला पाण्यात सोडा.