‘तुम्हीही चला ना’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ७२ वर्षांचा. ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. पत्नी ६८ वर्षांची आहे. माझ्या आईला शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता, तिचं सगळं हिनंच केलं. आईला जाऊन आता तीन वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यापासून ही आठवड्यातून तीन दिवस सकाळी ज्येष्ठांच्या एका गटात नाचायला जाते. लेझीम, टिपऱ्या, गोफ, शिवाय सिनेमाच्या गाण्यांवरही काहीतरी बसवतात. बायका-पुरुष एकत्र असतात. सुरुवातीला मलाही ‘तुम्हीही चला ना’ म्हणाली होती, मी ते हसण्यावारी नेलं. आता पुढच्या महिन्यात त्यांचा एका हॉलमध्ये कार्यक्रम आहे. माझ्या बहिणीनं फोन करून ‘वहिनीला या वयात हे काय सुचलं’ असं विचारलं आणि माझा तोल गेला. ‘हे आपल्याला शोभत नाही’ असं मी हिला बोललो. तेव्हापासून आठ दिवस घरात कामापुरतंच बोलणं आहे. जाते मात्र नेमानं.

नाचल्यानं मेंदू चांगला राहतो असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय. मी रोज कचराळी तलावाला सहा फेऱ्या मारतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, शब्दकोडं सोडवतो. तेवढं पुरेसं नाही का? शाळेत मीही लेझीम खेळलोय, पण ते वय वेगळं. तशी हल्ली ती पुटपुटतेच, धड काही सांगत नाही. कट्ट्यावर जाणंही मी सोडलंय, तिथे सगळे एकदम बोलतात. तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगाल का?

एक वाचक, ठाणे

दादा, नमस्कार.

तिला समजावण्याचं काम मी करणार नाही. तिची एकही चूक मला तुमच्या पत्रात सापडली नाही. पण पत्र मी तीनदा वाचलं, कारण जी वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिली आहेत, त्यांनीच मला जास्त अडवून धरलं. त्यांच्याकडे येतेच. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

नाचाचा आणि मेंदूचा संबंध कुणी मोबाइलवर ढकललेल्या निरोपातून आलेला नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ माणसांवर डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. कोण काय वाचतं, काय खेळतं, किती चालतं, पोहतं, सायकल चालवतं, हे सगळं लिहून घेतलं आणि पुढे स्मृतिभ्रंश कुणाकुणाला झाला ते पाहिलं. २००३ साली तो अभ्यास छापून आला. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणं यांचा संबंध कमी धोक्याशी दिसला. अंगमेहनतीच्या गोष्टींपैकी मात्र एकीचाच दिसला, नाचण्याचा. तुमचं पेपर वाचनही या यादीत आहे, ते सोडू नका.

आता यावरून ‘नाचा आणि स्मृतिभ्रंश टाळा’ असं मी तुम्हाला सांगितलं तर ती फसवणूक होईल. ज्यांचा मेंदू आधीच तरतरीत तीच माणसं उत्साहानं नाचायला जात असतील, ही शंका अशा अभ्यासात उरतेच. म्हणून जर्मनीत माग्डेबुर्गच्या संशोधकांनी वेगळं करून पाहिलं. सत्तरीच्या अलीकडच्या माणसांचे दोन गट केले. एका गटाला दीड वर्ष नाच शिकवला, आणि पावलं पाठ झाली की ती बदलायची, असं ठरवूनच शिकवला. दुसऱ्या गटाला तेवढाच काळ सायकल, भरभर चालणं, ताकदीचे व्यायाम दिले. हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूत एक भाग असतो, नव्या आठवणी तिथे रुजतात आणि स्मृतिभ्रंशात तो लवकर झिजू लागतो. दोन्ही गटांत तो थोडा वाढलेला दिसला, पण शरीराचा तोल लक्षात येण्यासारखा सुधारला तो फक्त नाचणाऱ्यांचा. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. माणसं थोडी होती, त्यामुळे यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी आपल्या वयात तोल सुधारणं ही काही लहान गोष्ट नाही. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर माणूस घराबाहेर पडायचाच थांबला, असं एक तरी उदाहरण तुमच्या माहितीत असेल.

तुमच्या फेऱ्यांना मी नावं ठेवत नाही. २०११ साली अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर, आठवड्याला तीन दिवस, ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हाच हिप्पोकॅम्पस साधारण दोन टक्क्यांनी वाढला होता. तेव्हा चाला, जरूर चाला. फक्त एक लक्षात घ्या. कचराळीच्या सहाव्या फेरीत तुमच्या पायांना तुमची गरज नसते. ते आपोआप चालतात आणि मन भलतीकडेच असतं.

गोफ तुम्ही कधी जवळून पाहिलाय का? वर एका कड्याला रंगीत पट्ट्या बांधलेल्या, प्रत्येकाच्या हातात एकेक टोक. निम्मे या बाजूनं निघतात, निम्मे त्या बाजूनं. समोरून येणाऱ्या पहिल्याला बाहेरून ओलांडायचं, दुसऱ्याला आतून, तिसऱ्याला पुन्हा बाहेरून. पाय तालात हवेत आणि पट्टी ताणलेली हवी. फिरता फिरता वर वेणी विणली जाते. मग तीच उलट्या दिशेनं सोडवत यायची. गेल्या वर्षी मी हे शिकले. विणणं आठवड्याभरात जमलं, पण सोडवताना पुढचा महिनाभर गाठ हमखास माझ्यापाशीच पडायची. कारण तेव्हा कान ठेक्याकडे लागतात, पाय दिशा विचारतात, हाताला पट्टीचा ताण सांभाळायचा असतो, ‘आता आतून की बाहेरून’ ही आठवण जागी ठेवावी लागते, आणि समोरून येणाऱ्या बाईच्या नजरेवरून ती कुठून जाणार हेही ओळखावं लागतं. हे सगळं एकाच क्षणात. शिवाय एकाची गाठ पडली की आठही जण थांबतात. कुणी कुणाला मागे टाकून पुढे जात नाही, जाताच येत नाही. शब्दकोड्यात अडलात तर उद्याच्या पेपरात उत्तर मिळतं. इथे उत्तर शेजारच्या माणसाकडे असतं आणि त्यासाठी त्याच्याकडे बघावंच लागतं. माझा अनुभव विचाराल तर एकत्र नाचण्याचा खरा लाभ इथेच आहे. एकटीनं घरात टीव्हीसमोर हातपाय हलवण्यात तो नाही.

‘शोभत नाही’ हे मात्र मला लागलं. वारीत रिंगण झालं की सत्तरीचे वारकरी पावली खेळतात, फुगड्या घालतात, आणि लोक त्यांच्या पाया पडतात. कोळीवाड्यात हळदीला आजी-आजोबा नाचले नाहीत तर घरच्यांना चुकल्यासारखं होतं. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, पिंगा, कोंबडा करणाऱ्या बायकांना ‘आता बस’ असं कुणी म्हणत नसे, तुमच्या आईनंही त्या जागवल्या असतील. म्हातारपणी नाचू नये हा दंडक आपल्या आजी-आजोबांचा नव्हता. तो आपण फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर कुठूनतरी उचलला, आणि बायकांवर जरा जास्तच घट्ट बसवला.

आता आईंबद्दल. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, पण अशी घरं पाहिली आहेत. संध्याकाळ झाली की ‘मला माझ्या घरी सोड’ म्हणून दाराशी उभी राहणारी सासू. गॅस चालू राहिला म्हणून रात्री दोनदा उठून पाहणारी सून. जिला रोज भरवलं तिनंच एक दिवस ‘ही कोण बाई?’ असं विचारणं. तुम्ही ‘तिचं सगळं हिनंच केलं’ एवढ्या चार शब्दांत सहा वर्षं लिहिलीत. ज्या बाईनं हे इतक्या जवळून पाहिलं तिला विसरण्याची भीती वाटणार नाही तर कुणाला? आपल्या देशात ६० वर्षांवरच्या दर शंभरांत सातांहून थोड्या अधिक माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा मोठ्या पाहणीवरून काढलेला अंदाज आहे. त्यातही बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. तिला स्वतःची काळजी वाटली तर ती अगदी साहजिक आहे.

पण दादा, आई तुमची होती. सुनेचं आणि सासूचं रक्ताचं नातं नसतं, मुलाचं असतं. आईला झालं म्हणून मुलाला होतंच, असं मुळीच नाही. धोका थोडा वाढतो, इतकंच. त्यामुळे घाबरू नका. मात्र रात्री शेजारी जागी असलेल्या बाईला ‘थोडा’ आणि ‘फार’ यातला फरक दिलासा देत नाही. आता तिचं पहिलं वाक्य आठवा. ती ‘मी जाते’ असं म्हणाली नव्हती. ‘तुम्हीही चला ना’ म्हणाली होती. मला वाटतं, ती नाचायला निघाली ती निम्मी तुमच्यासाठी. माझं चुकतही असेल, ते तिलाच विचारा. आणि समजा तसं काही नसेल, सहा वर्षं दाराची कडी सांभाळल्यावर तिला नुसतंच मोकळं नाचावंसं वाटत असेल, तर तेवढं कारणही भरपूर आहे.

दुसरी अडलेली जागा. ‘ती पुटपुटते’ आणि ‘कट्ट्यावर सगळे एकदम बोलतात’. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचली आणि मला वाटलं, दादांनी कान तपासून घेतले पाहिजेत. कारखान्यात ३४ वर्षं काढलीत, यंत्रांचा आवाज असेल तर त्याचाही परिणाम होतो. वयानं ऐकू कमी येऊ लागलं की आधी बारीक व्यंजनं निसटतात. समोरचा बोलतोय हे कळतं, शब्द मात्र पुसट होतात, म्हणून सगळे पुटपुटतात असं वाटू लागतं. घोळक्यात तर काहीच लागत नाही. मग माणूस हळूहळू घोळक्यात जाणंच सोडतो आणि घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी हाताळता आली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असं त्यांचं म्हणणं आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, नजर, नैराश्य, बैठी सवय ही त्यात आहेतच. कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं हीसुद्धा आहेत. तुमच्या पत्रात मला या शेवटच्या दोन्ही दिसल्या.

तेव्हा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या. कधी नुसता मळही निघतो. यंत्र लावायला सांगितलं तर चष्मा लावताना जेवढा संकोच केलात तेवढाच करा. त्याच आठवड्यात रक्तदाब आणि साखरही पाहून घ्या. गुडघे दुखत असतील, उठताना अंधारी येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा आणि नाच कितपत चालेल हे विचारा. गटात जाताना न घसरणारे बूट घाला, पहिले काही दिवस गिरक्या टाळा, दम लागला की खुर्चीवर बसून ताल धरा. बसून नाचणारी माणसंही असतात आणि त्यांना कुणी कमी लेखत नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं थोडासाच दम लागेल असा मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल-ताकदीचा सराव, असं जागतिक आरोग्य संघटना आपल्या वयाच्या माणसांना सांगते. तुमचं चालणं आणि तिचा गट मिळून ते सहज पुरं होईल.

गोफापासून सुरुवात करू नका. लेझीम तुमच्या हाताला माहीत आहे. शाळेत बसलेला ठेका अंगात कुठेतरी असतो, खळखळाट कानावर पडला की पाय आपणहून एक-दोन मोजू लागतात. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात तुम्ही उभं राहावं असं मी म्हणत नाही, तेवढ्यात तयारी होणारही नाही. पण त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही असायला हवं.

बहिणीला फोन तुम्हीच करा. ‘वहिनी नाचते, मला आवडतं, तूही बघायला ये’ एवढंच सांगा, कारणं देत बसू नका. हा फोन वहिनीनं करायचा नसतो.

आणि तो करण्याआधी, आज संध्याकाळी चहाच्या वेळी टीव्ही बंद करून तिच्यासमोर बसा. ‘शोभत नाही म्हणालो ते माझं चुकलं’ हे आधी. मग विचारा, ‘उद्या किती वाजता निघायचं?’ ती जे काही बोलेल ते नीट ऐकू आलं नाही तर मान डोलावू नका. म्हणा, ‘पुन्हा सांग, मला ऐकू आलं नाही.’