आधी वजनकाटा

सांगली, शनिवार

प्रिय मुली,

मुलांच्या किडनीवर संशोधन करायचंय, तर डीएम (किडनीतलं पुढचं शिक्षण) आधी करू की थेट परदेशी जाऊ, असं विचारलंस. एमडीनंतर डीएमची तीन वर्षं इथंच काढ, बाहेर मग जा. झालं उत्तर. मला लिहायचंय ते वेगळंच.

आजारी मुलाला दिवसाला सलाईन किती? दहा किलोपर्यंत किलोमागे 100 मिली, पुढच्या दहांना 50, त्यापुढे 20. हॉलिडे आणि सेगर यांचं हे 1957 चं गणित तुलाही पाठ असेल. त्याच हिशेबानं मी एका न्यूमोनियाच्या पोराला रात्रभर कमी सोडियमचं सलाईन लावलं. पहाटे झटके आले. रक्तातलं सोडियम 118, धोक्याइतकं कमी. पोर वाचलं, नशीब माझं. बेरीज बरोबर होती; पण आजारी शरीरात एडीएच, म्हणजे पाणी धरून ठेवणारं हार्मोन, वाढतं, लघवी कमी होते आणि आत राहिलेलं पाणी सोडियम खाली ओढतं, हे मी मनावर घेतलं नव्हतं. बहुतेक आजारी मुलांना रक्ताइतकं सोडियम असलेलं सलाईन द्या, हे अमेरिकेच्या बालरोग अकादमीनं लेखी सांगितलं 2018 मध्ये. साठ वर्षांनी!

त्यानंतर मी जुने चार्ट चाळायला लागलो. रात्रीच्या लघवीच्या रकान्यात ओळीनं 50, 50, 50, न मोजता भरलेले. असल्या आकड्यांवर पेपर लिहू नकोस. सिस्टरांवर चिडूही नकोस, एकीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असतो. मला शिकवलं ते एका सिस्टरांनीच: लंगोट कोरडं असताना तोलायचं, ओलं झालं की पुन्हा. वाढलेला ग्रॅम म्हणजे एक मिली. आणि पोराचं वजन रोज सकाळी, उघड्या अंगानं, त्याच काट्यावर.

प्रश्न मात्र इथला घे. ऊसतोडीच्या टोळीतल्या एखाद्या पोराचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात, घरच्यांना वाटतं काहीतरी चावलं. निघतं नेफ्रोटिक, म्हणजे किडनीतून लघवीत प्रथिनं गळतात. स्टिरॉइड सुरू होतं, तोवर कारखान्याचा पट्टा पडतो, हंगाम संपतो, आणि टोळी गावाकडे. प्रथिनं अजून गळतात का हे कळायला, लघवी परीक्षानळीत उकळून गढूळ होते का, हे आई बघते. पण लिहिता येत नसेल तर नोंद कशी ठेवायची? एकीनं पत्र्याच्या पेटीवर आतून चुन्याचे ठिपके दिले होते. गढूळ दिवशी ठिपका, स्वच्छ दिवशी जागा मोकळी. त्याहून बरा तक्ता मला अजून सुचलेला नाही.

दिवाळीत ये. वॉर्डातली माझी वही देतो. अर्ध्याहून जास्त अक्षर त्या सिस्टरांचं आहे.

तुझे,
सर