‘उत्तर चूसि एत्तर गंप’ : ही उत्तर दिशा नव्हे

प्रश्न असा आला आहे : तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूरच्या बाजारात एका तेलुगू शेतकऱ्याच्या तोंडून ‘उत्तर चूसि एत्तर गंप’ ही म्हण ऐकली. सोबतच्या माणसाने अर्थ सांगितला, ‘उत्तरेकडे बघून टोपली उचल’. पण उत्तरेकडेच का? आणि ‘धीर धरा’ असा काही बोध तिच्यात आहे का?

सोबतच्या माणसाने शब्द बरोबर लावले, फक्त एक चुकला आणि सगळी म्हण भलतीकडे गेली. ही उत्तर म्हणजे दिशा नव्हे, आपली उत्तरा. उत्तरा फाल्गुनी नक्षत्र. तेलुगू शेतकरी पावसाचा हिशेब आपल्यासारखाच सूर्याच्या नक्षत्रांवर ठेवतो, अशा प्रत्येक नक्षत्राच्या काळाला तो ‘कार्ते’ म्हणतो. वर्षात २७ कार्ते, प्रत्येक १३-१४ दिवसांची. उत्तरा येते साधारण १३ ते २६ सप्टेंबरच्या दरम्यान.

आता शब्द सुटे करू. ‘चूसि’ म्हणजे पाहून. यातला च आपल्या ‘चूल’मधला, ‘चहा’मधला नव्हे, हा दंततालव्य च तेलुगूत आणि मराठीत दोन्हीकडे आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा उच्चार शिकावा लागत नाही. ‘एत्तु’ म्हणजे उचलणे, आणि त्याला चिकटलेला ‘रा’ म्हणजे आपला ‘रे’. मूळ ‘एत्तरा’, बोलताना ‘एत्तर’. ‘ए’ ऱ्हस्व आहे, आपल्या मराठी लेखनात तो दाखवायची सोय नाही. ‘गंप’ म्हणजे बांबूची टोपली. म्हणजे झालं, ‘उत्तरा बघ, आणि उचल रे टोपली’.

कसली टोपली? संसाराची. मृग, आर्द्रा कोरडी गेली तरी माणूस थांबतो. पुढे मघा, पूर्वा आहेत. पण तेलंगणातली भातशेती काकतीय राजांच्या काळापासून तळ्यांवर उभी राहिली, आणि ‘चेरुवु’ म्हणजे तळं उत्तरेपर्यंत भरलं नसेल तर पुढे भरायची आशा धरण्यात अर्थ नाही. भात पोटरीला येण्याच्या सुमारास पाणी नाही म्हणजे दाणा नाही. तेव्हा भांडीकुंडी टोपलीत भर, टोपली डोक्यावर घे आणि जिथे काम मिळेल तिथे चालू लाग. पालमूर, म्हणजे महबूबनगरच्या बाजूचे मजूर पिढ्यान् पिढ्या असेच बाहेर पडत आले. मुंबईच्या कामाठीपुऱ्याचं नावही निजामाच्या मुलखातून बांधकामावर आलेल्या तेलुगू कामाठ्यांवरून पडलेलं आहे. त्यांतले किती जण कोरड्या उत्तरेनंतर निघाले असतील ते सांगता येणार नाही, पण ही म्हण वाचताना मला तो पुरा आठवतोच.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर : नाही, धीर धरा असं ही म्हण सांगत नाही. ती सांगते, किती धरायचा ते. वाट बघायला हरकत नाही, पण तिला तारीख असू द्या. शेतीच्या म्हणी म्हटल्या की कष्ट, संयम, निष्ठा असले बोध त्यांतून काढायची आपल्याला सवय लागली आहे. ही म्हण मात्र गाव सोडायला सांगते, तेही ‘रे’ म्हणून, दटावून.

तिची बांधणी बघा. उत्तर–एत्तर. आपल्या म्हणी शेवटी यमक जुळवतात, तेलुगू म्हण सुरुवातीला जुळवते. तेलुगू छंदात ‘प्रास’ म्हणजे ओळीतलं दुसरं अक्षर जुळवणं. इथे दोन्हीकडे तो ‘त्त’ आहे. कवितेचा हा नियम अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसाच्या कानातही किती मुरला होता ते यावरून कळतं. नाहीतर पहिला वर्णच जुळवतात : ‘रोहिणि कार्तेलो रोळ्ळु पगुलुतायि’, रोहिणीत उखळं तडकतात. दगडी उखळं, उन्हाने! आणि मग मृग : ‘मृगशिर कुरिस्ते मुसलि एद्दु रंके वेस्तुंदि’, मृग बरसला की म्हातारा बैलसुद्धा डुरकतो. आपण पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतो नि पुष्याच्या पावसाला म्हातारा. त्यांच्याकडे पावसाने म्हातारा बैल तरणा होतो.

एका म्हणीने तर शेत सोडून राजकारणात मुक्काम ठोकला आहे : ‘मखलो पुट्टि पुब्बलो पोयिनट्लु’. मख म्हणजे मघा, पुब्ब म्हणजे पूर्वा. मघात जन्मला, पूर्वात गेला. दोन्ही कार्ते लागोपाठच्या, म्हणजे आयुष्य जेमतेम पंधरवड्याचं. निवडणुकीपुरत्या उगवणाऱ्या पक्षांना तेलुगू पुढारी हीच म्हण ऐकवतात.

‘कंचे चेनु मेस्ते’ भाषांतर करायलाच नको, कुंपणच शेत खातं. (‘मेयु’ म्हणजे चरणे, त्यांचं कुंपण खात नाही, चरतं. मला ते जास्त आवडतं.)

सीमाभागात राहता म्हणून एक फसवा शब्द सांगून ठेवतो. तेलंगणात ऐकाल : ‘एद्दु एड्चिन एवुसं, रैतु एड्चिन राज्यं बागुपडदु’. बैल रडला ती शेती आणि शेतकरी रडला ते राज्य, दोन्हींचं भलं होत नाही. यातलं ‘एवुसं’ म्हणजे ‘व्यवसायं’, आणि तेलुगूत व्यवसाय म्हणजे थेट शेती. आपल्याकडे व्यवसाय म्हटलं की दुकान, दवाखाना डोळ्यांपुढे येतो. ‘रैतु’ही आपल्या रयतेचाच भाऊ, फक्त आपल्याकडे तो प्रजाच राहिला, तिकडे शेतकरी झाला.

राहता राहिलं, या म्हणीला मराठीत जोड काय? अर्थाने तंतोतंत अशी मला माहीत नाही. पण त्याच नक्षत्रावर आपल्याकडे म्हणतात, ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा’. काही गावांत उत्तराच्या जागी चित्रा म्हणतात, पण पितरांचा उल्लेख उत्तरेलाच शोभतो, कारण पितृपंधरवडा बहुधा याच सुमारास येतो. पाऊस नाही म्हटल्यावर आपल्या म्हणीला पानावर काय वाढायचं याची काळजी पडते. तोवर तेलुगू माणसाने टोपली भरायला घेतलेली असते.