‘वाचल्याबद्दल कृतज्ञ’ म्हणता येईल का?

प्रश्न असा आहे: वडील तरुणपणी युद्धातून वाचले, प्रश्नकर्तीचा जन्म त्यानंतरचा. वडिलांच्या पंचाहत्तरीला द्यायच्या पत्रात तिनं लिहिलंय, ‘बाबा, तुम्ही युद्धात वाचल्याबद्दल मी तुमची कृतज्ञ आहे.’ वाक्य कानाला खटकतं, पण का ते कळत नाही. ‘कृतज्ञ’ ठेवावं की ‘ऋणी’ करावं?

खटकतंय ते ‘कृतज्ञ’ आणि ‘वाचणं’ यांची सांगड बसत नाही म्हणून. कृतज्ञ म्हणजे कृत + ज्ञ, कुणी केलेलं जाणणारा. (कृतघ्न मधला ‘घ्न’ हन् धातूचा: केलेलं मारून टाकणारा. घाईत टंकताना या दोन शब्दांची अदलाबदल झालेली दिसते आणि अर्थ पार उलटतो. पत्र पाठवण्यापूर्वी तेवढं अक्षर पुन्हा पाहाच.) म्हणजे ‘कृतज्ञ’ला आधी काहीतरी ‘कृत’ लागतं. आणि ‘वाचणं’ ही तर करायची गोष्टच नाही, ती घडते. आज्ञार्थ करून पाहा. ‘वाच’ म्हटलं की समोरचा पुस्तक उघडेल. जीव वाचण्याच्या अर्थानं कुणाला ‘वाच’ अशी आज्ञा देता येत नाही, ‘जीव वाचव’ म्हणावं लागतं. बुडणं, सापडणं, हरवणं यांच्याच पंगतीतलं हे क्रियापद. म्हणून ‘वाचल्याबद्दल कृतज्ञ’ हे ‘पाऊस पडल्याबद्दल पावसाचे आभार’ यासारखं वाटतं. भावना खरी आहे, ‘-ल्याबद्दल’ची जागा चुकली आहे.

इथे ‘ऋणी’ सरस ठरतो. ऋण व्हायला कुणी मुद्दाम काही केलेलं असावं लागत नाही. जन्माला येणं हेच ऋण, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बाबा वाचले म्हणून मी आहे, हा हिशेब नेमका ऋणाचाच. मात्र ‘पितृऋण’ लिहू नका. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या त्रयीतले ‘पितृ’ म्हणजे सगळे पूर्वज, आणि ते ऋण परंपरेनं संतती होऊन फिटतं. एका माणसाबद्दल बोलायचं तर ‘वडिलांचं ऋण’ हेच सरळ आणि जवळचं.

तरी ‘कृतज्ञ’ सोडून द्यावं असं माझं म्हणणं नाही. क्रियापद बदललं की तो शब्द चपखल बसतो. ‘तग धरणं’ ही माणसानं केलेली गोष्ट आहे. ‘तग धर’ असं सांगता येतं. उपासमारीत, कैदेत, माघारीच्या वाटेवर जो टिकून राहिला त्याला नुसतं ‘वाचला’ म्हणणं कमीच पडतं. तेव्हा दोन्ही शब्द आपापल्या जागी ठेवून असं लिहिता येईल: ‘बाबा, तुम्ही युद्धातून वाचलात म्हणून आज मी आहे. या जगण्यासाठी मी तुमची ऋणी आहे. त्या दिवसांत तुम्ही तग धरून राहिलात आणि परत येऊन आम्हाला मायेनं वाढवलंत, त्याबद्दल तुमच्याविषयी कायम कृतज्ञ आहे.’

इथे ‘युद्धात’चं ‘युद्धातून’ केलं आहे. ‘-त’ नुसतं ठिकाण दाखवतो. ‘-तून’मध्ये आत सापडणं आणि बाहेर येणं दोन्ही आहे. ऋणी, आभारी यांच्या आधी व्यक्तीला ‘-चा/-ची’ लागतो आणि तो लिहिणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो: मुलगा ‘तुमचा ऋणी’, मुलगी ‘तुमची ऋणी’. ‘तुमची कृतज्ञ’ चुकीचं नाही, पण ‘तुमच्याविषयी कृतज्ञ’ अधिक स्वाभाविक. घरात बाबांना ‘तू’ म्हणत असाल तर पत्रातही ‘तू वाचलास’च लिहा. पत्रापुरतं ‘तुम्ही’ आणलं की परकं वाटतं.

‘आभार’ आणि ‘धन्यवाद’ इथे औपचारिक होतील. (आभार मानतात आणि कृतज्ञता व्यक्त करतात; ‘आभार व्यक्त करतो’ ही त्या दोहोंची सरमिसळ.) ‘उपकार’ संतवाणीत फार सुंदर येतो, पण आज घरातल्या घरात तो शब्द अंतर निर्माण करतो, कधी टोमण्यासारखाही लागतो. ‘बचावले’ बातमीतल्या अपघाताला ठीक.

वडिलांविषयी तिसऱ्या व्यक्तीला सांगताना दोन शब्द जपून वापरा. ‘युद्धात कामी आले’ याचा अर्थ उपयोगी पडले असा नाही, मारले गेले असा आहे. हयात वडिलांबद्दल हे चुकूनही जाऊ नये. आणि ‘सुखरूप परतले’ म्हणजे धडधाकट परतले. हात किंवा पाय गमावून आलेल्या माणसाला ‘सुखरूप’ लिहिलं तर त्यानं सोसलेलं पुसलं जातं. तिथे ‘जायबंदी होऊन परतले’ हा जुना, नेमका शब्दप्रयोग आहे.

शुद्धलेखनाचं एवढंच: ‘युद्ध’मध्ये द आधी, ध नंतर, ‘युध्द’ नव्हे, आणि ‘वडील’मधला डी दीर्घ असला तरी वडिलांना, वडिलांचं, वडिलांविषयी यांत तो ऱ्हस्व होतो.